आर्तांची हाक

मार्गशीर्ष महिना म्हणजे आमच्या मराठवाड्यात उत्सवांची दाटी. शुद्ध एकादशीला गीताजयंती होते, पौर्णिमेला माहूरगडावर दत्तजन्माचा सोहळा होतो, आणि वद्य पक्ष सरता सरता माळेगावला खंडोबाच्या नावाने भंडारा उधळला जातो. याच दिवसांच्या आगेमागे नाताळ येतो. नांदेड-लातूरच्या ख्रिस्ती घरांच्या दारावर कागदी चांदणी झळकू लागते आणि शेजारच्या हिंदू घरी करंज्यांचे ताट पोचते. या सणानिमित्त चार शब्द लिहावेत, असा निरोप आला तेव्हा आम्ही तो आनंदाने स्वीकारला.

हरिकीर्तन करणाऱ्याने येशू ख्रिस्ताच्या सणावर काय लिहावे, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर आमच्या व्यवसायातच आहे. कीर्तनाची आरती होते, बुक्का लागतो, मंडळी पांगतात, आणि मग एखादी माउली किंवा एखादा वाकलेला शेतकरी जवळ येऊन हळूच विचारतो, "महाराज, आम्ही कोणाचे काय वाईट केले होते? आमच्याच वाट्याला हे का आले?" कोणाचा कर्ता मुलगा गेलेला असतो, कोणाच्या धन्याने कर्जापायी जीव दिलेला असतो, कोणाचे लेकरू दवाखान्यात असते. चाळीस वर्षे आम्ही हा प्रश्न ऐकत आलो आहोत. गीतेत भगवंतांनी भक्तांचे चार प्रकार सांगितले आणि त्यांत पहिले नाव आर्ताचे घेतले. ज्ञानी त्यांना अत्यंत प्रिय खरा. परंतु मोजणीस आरंभ झाला तो दुःखाने कळवळून हाक मारणाऱ्यापासून. ही आर्ताची हाक कोणत्याही एका धर्माची मिरास नव्हे. म्हणून संकटकाळी ख्रिस्ती श्रद्धेने माणसांस कसा धीर दिला, हे आपल्याच भाषेतील माणसांच्या चरित्रांतून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू. कोणी आपला धर्म सोडावा असे आम्ही सुचवीत नाही. आम्ही स्वतः विठ्ठलाच्या पायांशी बसूनच हे लिहीत आहोत.

पुराणिकाची लेक

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या घरांत घेतले जाते ते बहुधा दोन प्रकारे. कोणी त्यांस स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी म्हणून वंदन करतो, तर कोणी धर्मांतर केलेली विदुषी म्हणून हळहळतो. आम्हांस त्या निराळ्या नात्याने जवळच्या वाटतात. त्या पुराणिकाच्या कन्या. आम्ही ज्या वाटेवर चालतो, तीच त्यांच्या वडिलांची वाट.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे थोर पंडित. आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, त्यांनी देववाणी शिकविली म्हणून त्या काळच्या शास्त्रीमंडळींचा रोष त्यांनी ओढवून घेतला. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात रमाबाईंचा जन्म झाला. कन्येस संस्कृत शिकविले ते आईने. भागवताचे हजारो श्लोक लहानपणीच त्यांच्या मुखोद्गत झाले. हे कुटुंब या क्षेत्राहून त्या क्षेत्री पायी जाई, देवळात अथवा घाटावर पुराण सांगे, आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करी.

मग दुष्काळ आला. १८७४ पासूनची ती वर्षे दक्षिणेत भयंकर गेली. शास्त्रीबुवांची दृष्टी अधू झालेली, जवळचे द्रव्य दानधर्मात आणि तीर्थांत संपलेले. मजुरी करावी तर त्याची सवय नाही आणि मानही आड येतो. अन्नावाचून दिवस जाऊ लागले. काही दिवस अरण्यात झाडपाला खाऊन काढल्याचे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. वडिलांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घेण्याचे ठरविले होते. तत्पूर्वीच त्यांचे प्राण गेले. मागोमाग आई गेली, आणि पुढे थोरली बहीणही. आईच्या प्रेतास खांदा द्यावयास माणसे मिळेनात. भावाबरोबर रमाबाईंनी स्वतः तो भार उचलला. उंची कमी म्हणून तो डोक्यावर घ्यावा लागला, असा उल्लेख त्यांच्या आठवणींत आहे.

भाविक वाचकहो, येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. या कुटुंबाने व्रते केली होती, तीर्थे केली होती, दाने दिली होती, अष्टौप्रहर भगवंताचे चरित्र गायिले होते. तरीही अन्न मिळाले नाही. अशा वेळी धर्म माणसास काय देतो, हा प्रश्न त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीपुढे पुस्तकातून आला नव्हता. तो आईच्या तिरडीबरोबर आला होता.

पुढे ती आणि तिचा भाऊ श्रीनिवास अनवाणी हिंदुस्थान पालथा घालीत उत्तरेस काश्मीरच्या दिशेने गेली. पांघरूण नाही म्हणून झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. १८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. परंतु सुखाचे दिवस थोडेच होते. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचेही निधन झाले. कडेवर मनोरमा ही तान्ही कन्या. रमाबाईंचे वय तेव्हा चोविसावेही पुरे झाले नव्हते.

धीर कोठून आला

ख्रिस्ती धर्माकडे रमाबाई कशा वळल्या, याविषयी लोकांत अनेक समज आहेत. विद्वत्तेच्या वादात त्या हरल्या किंवा कोणी त्यांस भुलविले, हे समज त्यांच्या स्वतःच्या लेखनाशी जुळत नाहीत. कलकत्त्यात त्यांस बायबलाचे संस्कृत भाषांतर भेट मिळाले होते. पण त्या भाषेची धाटणी इतकी परकी वाटली की ते वाचणे म्हणजे वेळ दवडणे असे त्यांस वाटले. संस्कृतच्या अभ्यासकास या गोष्टीचे मोठे कौतुक वाटते. देववाणीत उतरलेला ग्रंथ त्यांच्या मनास शिवला नाही. शिवली ती एक साधी कथा आणि त्या कथेप्रमाणे वागणारी माणसे.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींनी त्यांस लंडनच्या फुलहॅम भागातील आपले कार्य दाखविले. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांस तेथे आश्रय मिळे आणि त्या पुन्हा मानाने जगू लागत. अशा स्त्रियांस कोणी प्रेमाने जवळ घेते, हे रमाबाईंनी पूर्वी पाहिले नव्हते. हे बळ कोठून येते असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. विहिरीवर भर दुपारी एकटीच पाण्यास आलेली, परक्या जातीची, जिच्या आयुष्यास लोक नावे ठेवीत अशी ती स्त्री. येशू तिच्यापाशी पाणी मागतो. ज्यांच्यात परस्परांच्या भांड्यास भांडे लागत नव्हते, त्यांच्यात हे घडले. तो तिला दूषण देत नाही आणि हाकलूनही लावीत नाही. तिच्याशी ज्ञानाच्या गोष्टी बोलतो.

आपल्याकडील श्रोत्यांस ही कथा ऐकताना परके वाटू नये. महाराच्या पोरास कडेवर घेऊन घरी पोचविणारे, रामेश्वरास नेलेली गंगा तहानेने तडफडणाऱ्या गाढवास पाजणारे पैठणचे नाथमहाराज याच पंक्तीत बसतात. परंतु रमाबाईंच्या वाट्यास नाथांची कथा ऐकणारे पुष्कळ आले, तीप्रमाणे वागणारे फार थोडे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला तरी त्या आपली माती विसरल्या नाहीत. त्यांचा आहार शाकाहारीच राहिला, पोशाख देशी राहिला. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमच्या प्राचीन संस्कृतात काय उणे आहे, असा वाद त्यांनी त्या भगिनींशी घातला. इंग्लंडातील धर्माधिकाऱ्यांचे प्रत्येक मत त्यांनी मुकाट्याने स्वीकारले नाही. संकटाने खचलेला जीव कोणाचाही आधार घेतो, असे म्हणणाऱ्यांनी हा करारीपणा ध्यानात घ्यावा. त्यांस मिळालेल्या आधाराने त्यांचा कणा वाकला नाही, ताठ झाला.

पाप कोणाचे?

ख्रिस्ती शुभवर्तमानात आणखी एक प्रसंग आहे. कीर्तनकार म्हणून तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. वाटेत एक जन्मांध मनुष्य दिसतो. शिष्य विचारतात की, हा आंधळा जन्मला ते कोणाच्या पापामुळे, याच्या स्वतःच्या की आईबापांच्या? येशू सांगतो की याच्याही नाही आणि त्यांच्याही नाही. आणि पुढे होऊन त्यास दृष्टी देतो. शिष्यांचे डोळे मागे लागले होते, त्याचे हात पुढच्या कामास लागले होते.

आपल्या शास्त्रात कर्मविपाकाचा विचार गंभीर आहे आणि आम्ही तो मानतो. परंतु तो विचार कोणी कोणास सांगावा, याचा विवेक हवा. मनुष्याने आपल्या दुःखाकडे पाहून, हे माझ्या कर्माचे फळ आहे, मी ते धीराने भोगीन, असे म्हटले तर ते तप होय. तेच वाक्य दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकले तर तो निष्ठुरपणा होतो. रमाबाईंच्या काळी विधवेस हेच ऐकविले जाई की, तुझ्या पूर्वजन्मीच्या पापाने तुझा नवरा गेला. आठ-दहा वर्षांची पोर, जिने नवऱ्याचे तोंडही धड पाहिले नाही, तिचे केस उतरवून, तिला एकवेळ जेवू घालून, वर हे शास्त्र तिच्या कानी घातले जाई. अशा मुलीस ज्याने प्रथम सांगितले की, बाळ, यात तुझा दोष नाही, त्याच्याकडे ती धावली यात नवल कोणते?

आमच्या संतांनी हा विवेक जाणला होता. १६३० च्या सुमाराच्या घोर दुष्काळात तुकोबांची प्रथम पत्नी अन्नान्न करीत गेली, मुलगा गेला, दुकान बुडाले. त्या दुःखातून ते उठले ते लोकांची कर्जखते इंद्रायणीत बुडवूनच. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी भुकेलेल्या लोकांस, तुमचे प्रारब्ध असे आहे, असे सांगितले नाही. बादशहाची धान्याची कोठारे उघडली. कुंतीने तर श्रीकृष्णापाशी विपत्तीच मागितली, कारण विपत्तीत त्याचे दर्शन होते. पण ती तिने स्वतःसाठी मागितली, शेजारणीसाठी नव्हे, हे विसरू नये.

मुक्ती

स्वदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत बालविधवांसाठी शारदासदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखे थोर लोक त्याच्या सल्लागार मंडळात होते. पुढे तेथे मुलींस ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते असा आक्षेप निघाला, 'केसरी'ने कडक टीका केली, १८९३ साली सल्लागार मंडळ बाहेर पडले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. तो वाद आज पुन्हा उकरून काढण्यात अर्थ नाही. मात्र त्याच शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई या त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या, आणि महर्षी कर्वे यांच्या कार्यात त्यांचा वाटा मोठा आहे, हे सर्वश्रुत आहे.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ती बातमी वाचताच रमाबाईंस आपले अरण्यातील दिवस आठवले. त्या स्वतः तेथे गेल्या आणि निराधार मुलींस घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर. म्हणून दौंडजवळ केडगाव येथील शेतजमिनीवर तंबू आणि झोपड्या उभारून या मुलींची सोय केली गेली. १८९८ मध्ये तेथे उभ्या राहिलेल्या वास्तूस नाव दिले 'मुक्तिसदन'. आमच्या वेदान्तात ज्या शब्दासाठी ऋषींनी आयुष्ये वेचली, तोच शब्द. १९०० च्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्यातूनही मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या जिवांचे पोट भरणे हे नुसत्या प्रार्थनेचे काम नव्हते. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, गाईम्हशी पाळल्या, माग चालले, तेलाचे घाणे फिरले. छापखाना निघाला आणि त्यातील खिळे जुळविण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंतची कामे स्त्रिया शिकल्या. अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय झाली; मनोरमाबाईंनी बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी त्यांस शिकविली. ज्या मुलीच्या वडिलांचे डोळे अखेरच्या काळात गेले होते, तिच्या आश्रमात आंधळ्यांस अक्षरे मिळाली. लातूरहून पुण्याकडे जाणारी आगगाडी दौंड सोडल्यावर केडगाव स्थानकावरून जाते. पंढरीच्या वारीस जाताना आपण जसे वाटेतील समाध्यांस हात जोडतो, तसा त्या स्थानकावर क्षणभर हात जोडण्यास हरकत नाही. ते कार्य आजही तेथे चालू आहे.

आमच्या निजामी मुलखाशीही त्यांचा संबंध आला. लातूरच्या दक्षिणेस गुलबर्गा, तेव्हा आपल्याप्रमाणेच हैदराबाद संस्थानात. शिक्षणाचा गंध नसलेल्या त्या भागात १९१२-१३ च्या सुमारास त्यांनी शाळा काढली आणि तिची धुरा मनोरमाबाईंवर सोपविली.

अखेरची वर्षे त्यांनी एका ग्रंथास दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा उतारवयात शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. ज्यांच्या जिभेवर भागवत नाचत होते, त्यांस संस्कृतप्रचुर, भारदस्त मराठी लिहिणे अवघड नव्हते. परंतु केडगावच्या शेतात खुरपणाऱ्या बाईस कळले पाहिजे, हा त्यांचा दंडक. म्हणून शब्द निवडले ते साधे, बोलीतले. ज्ञानोबा माउलींनी गीता मराठीत का आणली, याचे उत्तर जे जाणतात त्यांस हा दंडक समजावून सांगावा लागणार नाही.

हे काम चालू असतानाच २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. आईबाप, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक लेक. त्या वेळी रमाबाईंचे वय त्रेसष्ट, प्रकृती ढासळलेली. तरीही त्यांनी मुद्रिते तपासणे सोडले नाही. पुढच्या ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला तेव्हा भाषांतराचे काम त्यांच्याकडून पुरे झाले होते; ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. अनंतशास्त्र्यांनी मरतेवेळी कन्येस जवळ घेऊन, सदैव देवाची सेवा कर, असे सांगितले होते. बापाने सांगितलेला देव आणि लेकीने भजलेला देव यांची नावे निराळी झाली. परंतु ती आज्ञा तिने मोडली असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही.

अंगणातील दुसरी कथा

दुसरे चरित्र आपल्या अधिक ओळखीचे आहे. नारायण वामन टिळक हे संस्कृतज्ञ, कवी आणि वक्ते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या, शालेय शिक्षण न झालेल्या, पदरी लहान मुलगा. त्यांच्यावर तर आकाशच कोसळले. सुमारे पाच वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. नवरा जिवंत असून घर मोडलेले, लोक कीव करणारे आणि बोटे मोडणारे.

लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती धर्म नवऱ्याच्या आज्ञेने घेतला नाही. त्या पतीकडे परत आल्या तरी आपले आचार कित्येक दिवस वेगळे ठेवून होत्या. मनाशी झगडत, माणसामाणसांतील शिवाशिव देवाने केलेली नाही अशी खात्री पटल्यावरच त्यांनी ते पाऊल उचलले. पुढे प्लेगच्या दिवसांत, दारिद्र्यात, आजारपणांत त्या ज्या धीराने वागल्या, त्याची साक्ष १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात आहे. रडावयास हजार कारणे असलेली ही बाई वाचकास हसविते. श्रद्धेने दुःख नाहीसे होत नाही. दुःखात असताना दुसऱ्याकडे, आणि स्वतःकडेही, हसून पाहण्याइतकी जागा मनात राहते, हे त्या ग्रंथातून आम्हांस उमगले.

टिळकांविषयी आम्हां कीर्तनकारांस विशेष आपलेपणा वाटण्याचे कारण असे की, त्यांनी येशूची भक्ती गायिली ती अभंगांत आणि भजनांत. हाती टाळ घेऊन ख्रिस्ती कीर्तनेही केली. आपण ख्रिस्तचरणी पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, अशा अर्थाचे ते म्हणत. आजही महाराष्ट्रातील मराठी उपासनामंदिरांत त्यांची पदे म्हटली जातात. ९ मे १९१९ रोजी ते गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचे ओवीबद्ध काव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. एके काळी ज्या धर्मापायी संसार उधळला होता, त्याच धर्माच्या पुराणाच्या ओव्या त्या वैधव्याच्या काळात रचीत बसल्या.

ओवी आणि ख्रिस्तभक्ती यांचे हे नाते नवे नव्हते. गोमंतकात १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या घरातील जुनी पुराणे हिरावली गेली होती. वेळ जावयास, मनास विसावा मिळावयास काही पुराण द्या, असे त्यांनी त्या पाद्रीबाबास म्हटले, आणि त्यांनी अकरा हजारांच्या आसपास ओव्या मराठीत रचून दिल्या. माणसास भाकरी लागते तशी कथाही लागते, हे त्या विलायती साधूस कळले होते.

आपल्या दारातील प्रश्न

हे सारे आज, मराठवाड्यात, कशासाठी सांगावयाचे? कारण येथील माती आर्तांच्या हाकांनी भिजलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी होतो. खडी फोडणाऱ्या आयाबाया, सुकडीसाठीच्या रांगा आणि शिधावाटपाच्या दुकानातील ती परदेशी तांबडी मिलो ज्वारी आम्ही पाहिली आहे. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणरायाचे विसर्जन करून गावे नुकतीच निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूमी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरे झोपलेल्या माणसांवर आली. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली, लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील कित्येक गावे पार नाहीशी झाली.

त्या दिवसांत ढिगाऱ्यापाशी बसलेल्या माणसास कोणी, हे तुमचे पाप, असे सांगितले असते तर ते केवढे क्रूर झाले असते! भूकंप पापाने होत नाही. आणि छपराखाली माणसे गेली ती भिंती कच्च्या आणि छपरे जड होती म्हणून, हे जाणकारांनी सप्रमाण सांगितले. त्या ढिगाऱ्यांवर वारकरी होते, गुरुद्वाऱ्याचे लंगर होते, मुसलमान तरुण होते, ख्रिस्ती सेवासंस्थांची पथके होती. कोणी कोणास धर्म विचारला नाही. त्या दिवशी जो ढिगारा उपसत होता तोच खरी पूजा करीत होता.

आमच्या नांदेडास तर या पाठाची परंपराच आहे. चारही पुत्र गमावलेले गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली गोदातीरी आले आणि येथेच ज्योतिर्लीन झाले. पुत्रशोकाने त्यांच्या वाणीतील तेज मंदावले नाही. शेजारी गंगाखेडच्या जनाबाई, नरसीचे नामदेव, तेरचे गोरोबाकाका. सारे दुःख पचवून उभे राहिलेले. त्याच मालिकेत, निराळ्या नावाने देवास हाक मारणाऱ्या रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांस बसविण्यात आपले काही उणे होत नाही.

ख्रिस्ती मंडळी नाताळात ज्याचा जन्म साजरा करतात तो गोठ्यात जन्मला, कारण धर्मशाळेत जागा नव्हती. पुढे त्याच्यावरही अशी रात्र आली की, हा दुःखाचा प्याला टळेल तर बरे, असे त्याने पित्यास विनविले; आणि क्रुसावर, देवाने आपणास टाकले की काय, असा आक्रोश केला. ज्याला स्वतःला असे रडावे लागले तो आपले रडणे समजेल, हा ख्रिस्ती माणसाचा मोठा विसावा आहे. रुक्मिणीस सोडून जनाबाईसंगे दळू लागणाऱ्या विठोबाचे आपण भक्त. हा विसावा आपणास परका का वाटावा?

म्हणून या सणाच्या निमित्ताने एवढीच विनंती आहे. आपल्या गल्लीत ख्रिस्ती घर असेल तर नाताळास त्यांच्याकडे जावे, त्यांच्या मुलांस गोड द्यावे. आणि आपल्याच आळीत यंदा ज्या घरी सण नाही, त्या घरची पायरीही चढावी. तेथे प्रारब्धाची चर्चा करू नये, कारणे सांगू नयेत. घटकाभर शेजारी बसावे. चूल पेटली नसेल तर डबा न्यावा. मुलाची फी राहिली असेल तर भरावी. पोथी त्यानंतर उघडावी. आर्ताची हाक ज्या दारी ऐकली जाते, त्या दारी देव आधीच येऊन उभा असतो. तो सर्वांस बळ देवो, सर्वांचे अश्रू पुसो. इत्यलम्.